घामाचा हात, लाखेचं अंग

माझा एक भाचा जालन्यात गिटार शिकतो. त्याची गिटार मॅट फिनिशची, म्हणजे मुद्दाम चकाकी न दिलेली. एक-दोन उन्हाळे वाजवून झाले आणि तिच्या अंगावर डाग उमटला. वाजवताना उजवा हात कोपराच्या पुढे ज्या काठावर टेकतो, नेमका तिथे. गिटार खिडकीकडे तिरपी धरली की बाकीचं अंग कोरडं, निस्तेज दिसतं आणि तेवढाच तुकडा लख्ख लकाकतो. त्याच्या कडेने वाळलेल्या मिठाची पांढुरकी रेघ. जरा पुढे, मनगट येतं तिथे, फिकट गुलाबी झाक. हाताला बांधलेला लाल दोरा घामाने भिजला आणि त्याने रंग सोडला. घरात सगळ्यांचं एकमत झालं की घामाने पॉलिश खाल्लं. कुणी खोबरेल चोळायला सांगितलं, कुणी फर्निचरवर मारायचा फवारा सुचवला, कुणी म्हणालं, सुताराकडून वॉर्निशचा एक हात मारून घ्या. या गिटारच्या अंगावर नेमकं आहे काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

वाद्याची निगा याच प्रश्नापासून सुरू होते. घाम माणसागणिक थोडाफार बदलतो, पण वाद्यांच्या अंगावरचे लेप त्याहून फार वेगवेगळे असतात. एका लेपाला जो उपाय तारतो, तोच दुसऱ्याला मारतो. दुकानात मिळणाऱ्या ‘सर्व वाद्यांसाठी’ असलेल्या बाटल्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

भाच्याच्या गिटारचं पॉलिश कुठेही गेलेलं नाही. मॅट फिनिशच्या लेपात सहसा सिलिकाची अतिशय बारीक भुकटी मिसळलेली असते. तिच्यामुळे पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत राहतो, त्यावर पडलेला उजेड विखुरतो आणि अंग निस्तेज दिसतं. हात रोज तिथेच घासला की ती खडबड सपाट होते आणि उजेड सरळ परत फिरतो. लाकूड पूर्वीइतकंच झाकलेलं आहे. ही चकाकी पुसून जाणार नाही आणि ती घालवायची गरजही नाही. गुलाबी झाक तेवढी ओलसर सुती कापडाने जाईल. वॉर्निशचा हात मारला असता तर चांगली गिटार कायमची बिघडली असती.

आता घामाकडे वळू. घामात ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या भागात मीठ, लॅक्टिक आम्ल, युरिया आणि असंच थोडंथोडं बरंच काही. ताजा घाम किंचित आम्लधर्मी असतो. पण तो तसाच राहिला की त्यातले जिवाणू युरिया फोडतात, अमोनिया तयार होतो आणि घाम उलट अल्कधर्मी होतो. कापडगिरण्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे. कापडाचा रंग घामाला टिकतो का, हे तपासायच्या प्रमाणित चाचणीत दोन कृत्रिम घाम वापरतात, एक सामू ५.५चा आणि दुसरा ८चा. पहिला अंगावरच्या ताज्या घामासाठी, दुसरा धुवायच्या टोपलीत रात्रभर पडून राहिलेल्या सदऱ्यासाठी. वाद्यालाही हे दोन्ही घाम भेटतात. वाजवून झाल्यावर गिटार न पुसता पिशवीत कोंबली की दुसऱ्या घामाची सोय आपणच करून ठेवतो.

त्वचेचं तेल ही वेगळी गोष्ट. तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात, पण हात सतत कपाळाला, केसांना लागतो आणि तिथलं तेल उचलतो. डोक्याला खोबरेल लावायची आपल्याकडची सवय त्यात भर घालते. मिठाचं पाणी वाळून जातं, पुसलं की निघतं. तेल मुरतं. लेपावर धूळ धरून बसतं आणि काही लेपांच्या आतही शिरतं.

त्यात जालन्याची हवा. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा पोलादासाठी, बियाण्यांसाठी आणि मोसंबीसाठी ओळखला जातो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी असते की घाम ओघळायच्या आत सुकतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मग मृगानंतर हवा एकदम ओलावते आणि तेच मीठ हवेतलं पाणी ओढून तारांवर, खुंट्यांवर, पडद्यांवर चिकचिकत बसतं. अकूस्टिक गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे वर्षातले मोजके आठवडे सोडले तर ती एकतर फार कमी असते, नाहीतर फार जास्त.

गिटारच्या अंगावर तीनपैकी एक लेप असतो, असं ढोबळमानाने म्हणता येईल. जालन्याच्या बाजारात मिळणारी बहुतेक गिटार, मग ती कोलकात्याची असो, चीनची असो की इंडोनेशियाची, पॉलियुरेथिन किंवा पॉलिएस्टरच्या लेपाची असते. हा लेप म्हणजे वाळून पक्कं झालेलं प्लास्टिक. त्याचे रेणू एकमेकांत असे गुंफलेले असतात की घाम, तेल, एवढंच काय साधं स्पिरिटही त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. अशा गिटारच्या पॉलिशची काळजी करत बसू नये. तिच्यावर घामाचा घाव बसतो तो जिथे लेपच नसतो तिथे. तारा काळ्या पडतात, पडद्यांच्या कडेला हिरवट मळ साचतो, खुंट्यांचा मुलामा उडतो. बोटांखालची पट्टी आणि तारा बांधायचा ब्रिज बहुधा उघड्या लाकडाचे असतात, ते घाम पितात. काहींच्या घामाने नव्या तारा आठवड्याभरात मरतात, काहींच्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. ज्याच्या त्याच्या अंगाचा हा धर्म आहे, त्यात स्वच्छतेचा प्रश्न नाही. कुणा पोराला त्यावरून बोलू नये.

दुसरा लेप नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. १९२०च्या दशकात मोटारी झटपट रंगवता याव्यात म्हणून तो पुढे आला आणि तिथून गिटारच्या कारखान्यांत गेला. मार्टिन, गिब्सन यांच्या जुन्या आणि आजच्याही महागड्या गिटारींवर तो असतो. हा लेप फार पातळ असतो, लाकडाला मोकळं कंप पावू देतो अशी त्याची ख्याती आहे आणि जुना झाला की मधासारखा पिवळा पडतो. पण तो नाजूक. त्वचेचं तेल त्याला हळूहळू मऊ करतं. हात टेकतो ती जागा आधी मंद होते, मग चिकट होते आणि शेवटी नखानेही निघते. रबराच्या किंवा रेक्झिनच्या स्टँडवर अशी गिटार ठेवली तर रबरातली रसायनं लेपात उतरतात आणि काळे डाग पडतात. पुण्या-मुंबईहून कुणी हौसेने अशी गिटार आणली असेल तर स्टँडला जाड सुती कापड गुंडाळावं. डीट हे रसायन असलेलं डास पळवायचं मलम हाताला चोळून ती वाजवायला घेऊ नये. डीट लॅकरही विरघळवतं आणि प्लास्टिकही. कारखान्यांच्या या गावात संध्याकाळी डास चावतात म्हणून मलम लावणारे आणि त्याच वेळी गिटार हातात घेणारे बहुधा एकच असतात.

तिसरा लेप लाखेचा. याच्यापाशी मला थांबायचं आहे, कारण तो आपला आहे.

हाताने बनवलेल्या स्पॅनिश, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारवर जगभर आजही ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते केलं जातं. नाव फ्रेंच, पण माल हिंदुस्थानचा. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. ती कवचं खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ ताणून त्यांचे पापुद्रे करतात. हाच चपडा. झारखंड हे त्याचं मोठं आगर. रांचीजवळ नामकूमला १९२४मध्ये खास लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख घेतात. मराठवाड्यात फाल्गुनात पेटणारा पळस आपण पत्रावळींसाठी आणि रंगपंचमीसाठी ओळखतो. वाद्याचं पॉलिश त्याच जातीच्या झाडावरून येतं हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे हे पॉलिश मिरजेत पाहावं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावायचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव त्यात पहिलं. पटवर्धन संस्थानिकांचा संगीताला आश्रय होता, गवई येत-जात होते, त्यांची वाद्यं दुरुस्त करायला हात हवे होते. मंगळवेढा-पंढरपूरच्या पट्ट्यातले कडू भोपळे, तुणीचं लाकूड आणि वरून लाखेचं पॉलिश, असा मिरजेचा तानपुरा आणि अशी सतार घडत गेली. २०२४मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. चपड्याचे पिवळसर-तांबडे पापुद्रे काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालतात. लोखंडाचं भांडं चालत नाही, रंग काळवंडतो. सकाळी फडक्यातून गाळलं की दाट मधाच्या रंगाचा द्रव मिळतो. कापसाचा बोळा मऊ, पुष्कळदा धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यात बांधायचा, द्रवात बुडवून पिळायचा, त्यावर तेलाचा एक थेंब लावायचा, म्हणजे बोळा अंगाला चिकटत नाही. मग हात फिरायला लागतो, आधी गोल, मग आठच्या आकड्यासारखा, मग लाकडाच्या रेषेबरोबर सरळ. हात एका जागी क्षणभर जरी थांबला तरी खालचा थर विरघळून उचलला जातो. एक थर दिसत नाही, दहा थरही फारसे दिसत नाहीत. थरावर थर चढत जातात आणि एका क्षणी भोपळ्याच्या अंगात खिडकी दिसायला लागते. प्रत्येक नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. प्लास्टिकच्या लेपाला हे जमत नाही. त्यावर एकदा खोल चरा पडला की वरून भरलेलं ठिगळ दिसतंच. लाखेचं अंग पन्नास वर्षांनीही त्याच बोळ्याने पुन्हा सांधता येतं. घामापुढे लवकर हरणारा लेप आणि दुरुस्तीला सगळ्यांत सोपा लेप, हे दोन्ही एकच.

थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७मध्ये गेले, त्यांना याच मिरजेच्या दर्ग्यात दफन केलं. तानपुऱ्याच्या जव्हारीवर त्यांचा जीव होता आणि वाद्यदुरुस्ती ते स्वतः उत्तम करत. त्यांचा आवाज ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमधून घराघरात पोचला, त्या तबकड्यांमध्येही चपडाच होता. मांडीवर टेकलेल्या तानपुऱ्याच्या अंगाला लाख आणि तो सूर साठवणाऱ्या तबकडीतही लाख. हिंदुस्थानी संगीताचा केवढा भाग या किड्याच्या राळेवर उभा आहे, याचा विचार केला की मन भरून येतं.

लाखेचे वैरी तीन: उष्णता, अल्क आणि स्पिरिट. ७०-७५ अंशांना चपडा वितळतो, पण त्याच्या बराच आधी मऊ पडतो. जालन्यात मे महिन्याच्या दुपारी बंद मोटारीत डॅशबोर्डच्या आसपासची उष्णता यापासून फार लांब राहत नाही. त्यावेळी गिटारच्या पिशवीच्या कापडाची वीण लेपावर ठशासारखी उमटते. सांध्यांमधला गोंद सैल होतो तो वेगळाच, आणि या एका बाबतीत प्लास्टिकचं अंग असलेली गिटारही सुटत नाही. अल्क म्हणजे साबण, सोडा, काच पुसायचा अमोनियाचा फवारा आणि वर सांगितलेला शिळा घाम. ओल्या पेल्याखाली टेबलावर जसं पांढरं कडं उमटतं, तसं घामाने थबथबलेल्या हाताखाली लाखेच्या पॉलिशवर उमटतं.

तिसरा वैरी आपण स्वतःच्या हाताने घरात आणि देवळात आणला. कोरोनात बंद झालेली मंदिरं १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दारात सॅनिटायझर आला. त्यात साठ-सत्तर टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं आणि चपडा ज्यात विरघळतो ते स्पिरिट म्हणजेही अल्कोहोलच. हाताला सॅनिटायझर चोळून, तो पुरता उडून जायच्या आत पेटीच्या भात्याला, वीणेच्या दांडीला हात लावला की बोटांचे ठसे पॉलिशमध्ये कायमचे रुततात. जुन्या पेट्यांवर, जिथे भाता ओढणारा हात पडतो त्या कडेला, असे चिकट, धूळ धरलेले ठसे मी पाहिले आहेत. काळजी घेणाऱ्या हातांनीच ते केले, म्हणून कुणाला दोष देता येत नाही. पण सॅनिटायझर अजून कोनाड्यात आहे, म्हणून सांगायला हवं.

गिटारवरून मी वीणेवर आलो आहे, आणि ते मुद्दाम. जालना जिल्ह्यात अंगाला अंग लावून सर्वांत जास्त तास वाजणारं तंतुवाद्य गिटार नाही, वारकऱ्याची वीणा आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८च्या रामनवमीला याच जिल्ह्यातल्या जांब गावी, आजच्या घनसावंगी तालुक्यात झाला. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती जालना-अंबडवरून बीडकडे उतरते. आणि गावोगाव, शेतीची कामं हलकी झाली की, अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटेचा काकडा, सकाळचं पारायण, दुपारी गाथाभजन, मग प्रवचन, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, त्यानंतर जागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. गावकऱ्यांचे पहारे लागतात. एकाने उतरवायची ती दुसऱ्याच्या गळ्यात. देताना एकमेकांच्या पाया पडायचं, आणि वीणेचा झंकार त्या क्षणीही तुटू द्यायचा नाही.

आता हे वाद्याच्या बाजूने पाहा. सात दिवस, रात्रंदिवस. पट्टा गळ्यात, दांडी खांद्याला टेकलेली, भोपळा कमरेशी धरलेला. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या मांडवाखाली उभा असलेला माणूस, त्याच्या मानेचा घाम दांडीवरून खाली उतरतो. तो जातो, दुसरा येतो, दुसरा घाम. कुणी शेतावरून आलेला, कुणी दुकानातून, कुणाच्या डोक्याला खोबरेल, कुणाच्या कपाळाचा बुक्का आणि गोपीचंदन ओघळलेलं. गळ्यातली तुळशीची माळ दर हालचालीला दांडीवर घासते. सदऱ्याची बटणं भोपळ्याला लागतात. एखादी गिटार वर्षभरात जेवढं अंग सोसते तेवढं वीणा एका सप्ताहात सोसते. आषाढात दिंडीबरोबर गेली तर वर पावसाचं पाणी.

सप्ताह उठला, काला झाला, पंगती उठल्या की वीणा देवळाच्या खुंटीला किंवा लोखंडी कपाटात जाते. पुसतं कोण? बहुतेक ठिकाणी कुणी नाही. सात दिवसांचा घाम अंगावर घेऊनच ती पुढच्या सप्ताहापर्यंत टांगलेली राहते. पुढच्या वर्षी तारा तुटतात, दांडीला पांढरे चट्टे दिसतात, भोपळ्याला हात चिकटतो. मग कुणी हौशी कार्यकर्ता ऑइलपेंटचा डबा आणतो. सोनेरी, तांबडा किंवा झगझगीत पिवळा. भक्तीने आणतो, यात शंका नाही. पण त्या एका डब्याने लाखेचं अंग कायमचं झाकलं जातं, आवाज कोंदतो आणि पुढे मिरजेच्या किंवा पंढरपूरच्या कारागिराकडे नेली तर त्याला आधी तो रंग खरवडावा लागतो. त्यात भोपळ्याची सालही जाते.

वीणेच्या बाबतीत परंपरेने काही चांगल्या गोष्टी आधीच शिकवून ठेवल्या आहेत. वीणा घेण्याआधी स्नान, निदान हातपाय धुणं. खांद्यावर धुतलेलं उपरणं. जमिनीवर ठेवायची झाली तर खाली वस्त्र. याला आपण सोवळं म्हणा, शिस्त म्हणा, वाद्याच्या दृष्टीने ती उत्तम निगा आहे. परदेशी गिटारवादक उजव्या हाताला मोज्यासारखी बाही चढवून बसतात किंवा गिटारच्या काठावर हात टेकायला लाकडाची छोटी पट्टी बसवतात. त्यांनी जे विकत घेतलं ते वीणेकऱ्याच्या खांद्यावर उपरण्याच्या रूपात आधीपासून आहे. फक्त ते खांदा आणि दांडी यांच्या मधे नीट घडी करून यायला हवं. एरवी ते गळ्यात शोभेपुरतं लोंबतं आणि दांडी उघड्या मानेला टेकते.

घामाने झिजलेल्या वाद्याचं कौतुकही होतं, हे मला ठाऊक आहे. आयर्लंडच्या रोरी गॅलघरची १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार प्रसिद्ध आहे, कारण त्याच्या घामाने तिचा बहुतेक रंग उतरला आणि आतलं लाकूड उघडं पडलं. अमेरिकेच्या विली नेल्सनने १९६९पासून एकच नायलॉनच्या तारांची मार्टिन गिटार वाजवली. ‘ट्रिगर’ तिचं नाव. बोटांनी आणि नखीने तिच्या पोटाला दुसरं भोक पडलं. आज कारखाने नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम घासून जुन्यासारख्या करून जास्त दामाने विकतात. वापराने झालेली झीज मलाही सुंदर वाटते. पण ‘ट्रिगर’ अजून वाजते ती एक कारागीर तिची नियमित देखभाल करतो म्हणून. आणि या दोन्ही गिटारी एकेका माणसाच्या होत्या. गावाची वीणा वर्गणीची असते. ती एका पिढीने झिजवून टाकायची आणि पुढच्या पिढीने पुन्हा पट्टी फिरवायची, हे बरोबर नाही.

करायचं काय ते थोडक्यात सांगता येतं, कारण ते खरोखर थोडं आहे. वाजवून झाल्यावर कोरड्या, मऊ, धुतलेल्या सुती कापडाने पुसायचं. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा यासाठी बाजारातल्या कुठल्याही कापडाहून कमी नाही, फक्त त्यावर बटण, काठाची जर किंवा स्टार्च नको. आधी तारा, मग हात टेकतो ती जागा, मग मानेची मागची बाजू. बुक्का किंवा धूळ असेल तर आधी फुंकर मारून झटकायची, नाहीतर तीच घासपट्टी होते. मीठ वाळून बसलं असेल तर त्यावर तोंडाने वाफ सोडायची आणि पुसायचं. एवढ्याने जात नसेल तर कापडाचं टोक ओलं करून घट्ट पिळायचं आणि लगेच कोरड्याने पुसायचं. खोबरेल नको, ते वाळत नाही आणि धूळ धरतं. फर्निचरचा फवारा नको. त्यातलं सिलिकोन लाकडाच्या फटींत शिरलं की पुढे त्यावर नवं पॉलिश धरत नाही, ठिकठिकाणी डोळे पडतात. उघड्या लाकडाच्या पट्टीला वर्षातून एक-दोनदा खनिज तेलाचे दोन थेंब पुरतात. लिंबू चोळू नये, ते आम्ल आहे.

लेप कोणता ते ओळखायचं असेल तर सहसा न दिसणारी जागा निवडावी. मान अंगाला जुळते तिथली खालची बाजू चांगली. कापसाच्या काडीला स्पिरिटचा एक थेंब लावून तिथे हलकेच टेकवावा. लगेच चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर प्लास्टिक. जरासं मऊ पडलं, पण विरघळलं नाही, तर बहुधा लॅकर, आणि मग जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढे काही करू नये. ही तपासणी एकदाच करायची आणि उत्तर पिशवीच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.

मनगटातलं कडं, घड्याळ, लाल दोरा वाजवण्यापुरता काढता येतो किंवा वर सरकवता येतो. पट्ट्याचं बक्कल बाजूला फिरवता येतं. उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा पातळ सुती सदरा घातला तर निम्मं काम झालं. पिशवी दुचाकीवर उन्हात उभी करू नये, पत्र्याच्या भिंतीला टेकवू नये.

अंबडला दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. गावोगावच्या भजनी मंडळांना त्यानिमित्ताने तानपुरा जवळून बघायला मिळतो. गवई तो कसा उचलतात, मांडीखाली काय घेतात, मैफल संपल्यावर गवसणीत घालण्याआधी त्यावरून कापड कसं फिरवतात, हे गाणं ऐकताना जरूर पाहावं. एक सोपी गोष्ट मंडळांनी आपसात ठरवता येईल. पहाऱ्याच्या यादीत, वीणा कुणी कधी घ्यायची त्याच कागदावर, वीणा बदलताना पुसायची हेही लिहावं. झंकार थांबवायची गरज नाही. वीणा घेणारा छेडत राहील आणि देणारा तेवढ्यात दांडीवरून, भोपळ्यावरून कापड फिरवेल. त्यासाठी वीणेच्या पट्ट्यालाच एक धुतलेला सुती रुमाल बांधून ठेवला की शोधाशोध नको.

आणि ज्यांच्या देवळात वीणेला आधीच ऑइलपेंट लागला आहे, त्यांनी तो स्वतः खरवडू नये. जिच्यावर अजून लाख आहे तिला रंगाचा डबा लावू नये. चट्टे पडले असतील, हात चिकटत असेल, तर ती कारागिराकडे द्या. जवळचा फर्निचरचा जुना पॉलिशवालाही चालेल, पण चपडा ताजा भिजवलेला हवा, कारण भिजवून सहा महिने झालेला चपडा नीट वाळतच नाही. ‘पॉलिश लाखेचंच हवं’ एवढं त्याला स्पष्ट सांगा. हे काम सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात करू नका, नवं पॉलिश पक्कं व्हायला वेळ लागतो. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस त्याला उत्तम.